माहेरी आलेली वाळू

३ जानेवारी

पोराने आज डायरी आणून दिली, त्याच्या कंपनीची. वर क्रेनचं चित्र, आत प्रत्येक पानाखाली सिमेंटची जाहिरात. म्हणाला, "आई, तुझी जीभ दिवसभर वळवळत असते. जरा हिच्यावर चालव, शेजाऱ्यांना तेवढाच आराम."

मी म्हटलं, "आराम दिला तर मरतील रे ते. माझ्या बोलण्यावर तर जगतायत."

पण डायरी ठेवून घेतली. फुकट मिळालेली वस्तू आणि आलेली शिंक परत पाठवू नये.

माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, तेही अर्धवट. अक्षर असं, की ओल्या वाळूत खेकडा फिरून गेलाय वाटावं. कोणी चोरून वाचायचं म्हटलं तरी जमणार नाही. म्हणजे मनातलं लिहायला हरकत नाही.

तर मनातलं असं, की जाळी सांधून पोट भरते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सगळा जन्म समुद्रावर काढला आणि मेला कोरड्यात, खाटेवर खोकून. वन्संचं म्हणणं, मी त्यांच्या भावाला बोलून बोलून मारलं. मी म्हणते, मी बोलत होते म्हणून तो जागा तरी राहिला.


१५ जानेवारी

दगडाच्या गाड्या यायला लागल्या. फळीवरची भांडी दिवसभर थरथरतात, म्हातारीच्या कवळीसारखी.

आमचा किनारा एकच, वाड्या दोन. नदीच्या बाजूची वरची, तिथे मी. पलीकडची खालची, तिथे वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद. जन्मल्या या घरात, लग्न होऊन गेल्या खालच्या वाडीत. माहेर आणि सासर यांच्यात अंतर किती, तर दारातून घातलेली शिवी पोचायच्या आत मी स्वतः पोचते. मध्ये नुसती वाळू. आता त्या मध्यावर किनाऱ्यापासून आत समुद्रात दगडांची लांब भिंत जाणार आहे, होड्यांना आडोसा म्हणून. पोरगा त्या कामावर मुकादम. लोकांनी भिंतीला आत्ताच नाव ठेवलं, सोंड.

संध्याकाळी वन्संकडे गेले. त्याही माझ्यासारख्याच एकट्या. मासळी वाळवून विकतात. घरापुढे वाळूचं खळं आहे, सासूने राखलेलं, सासूच्या सासूने राखलेलं. सपाट, पांढरं, झाडून लख्ख. त्यावर जुनी जाळी अंथरायची आणि मासळी पसरायची. खालून वाळू पाणी पिते, वरून ऊन. त्या खळ्यावर चप्पल घालून पाय ठेवला तर वन्सं पाय तोडतील.

"वहिनी, तुझा पोरगा मध्ये भिंत घालतोय म्हणे."

"हो ना वन्सं. तुमचं तोंड दिसू नये म्हणून मीच सांगितलं त्याला."

"तोंड झाकेल गं भिंतीने. तुझ्या आवाजाचं काय करशील?"

मग आम्ही दोघींनी चहा घेतला. चहात साखर कमी होती. मी सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी गोड केला तर वायाच जातो.


२ फेब्रुवारी

किनाऱ्यावर एक मुलगी येऊन बसते. सरकारी मोजणीची आहे. एकावर एक चाळण्या रचते, वाळू ओतते आणि गदागदा हलवते. बारीक वेगळी, जाड वेगळी, मग पुड्या बांधते. मी तिचं नाव ठेवलं चाळणी. तिला सांगूनही टाकलं. रागावली नाही. मुलगी बरी आहे.

"लग्न झालंय का?" मी विचारलं.

"नाही आजी."

"तरीच. नवरा असता तर वाळू चाळायला वेळ मिळाला नसता. त्यालाच चाळत बसली असतीस."

ती हसली. मग म्हणाली, "आजी, ही वाळू इथली नाही हं. नदी आणते. लाटा तिरक्या येतात आणि सरळ मागे जातात, म्हणून एकेक कण थोडा थोडा पुढे सरकतो. आज तुमच्या दारात असलेली वाळू पुढे तुमच्या नणंदेच्या दारात जाते."

"म्हणजे ती माझी वाळू खाते?"

"आणि तुम्ही तुमच्या वरच्याची."

"कळलं. नळावरची रांग. माझा हंडा भरला की पुढचीचा."

"अगदी तसंच. आता रांगेत मध्येच कोणी हंडा आडवा लावून बसलं तर?"

"झिंज्या उपटते मी त्याच्या."

चाळणी सोंडेच्या दगडांकडे बघत बसली. मला वाटलं अजून काहीतरी बोलेल, पण उठली आणि पुड्या पिशवीत भरल्या. शिकलेल्या मुली अशाच. अर्धी गोष्ट सांगतात आणि निघून जातात.


९ मार्च

सोंड पुरी झाली. मोठे साहेब आले, टाळ्या झाल्या. पोराला हार नाही मिळाला, पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. तो खांदा घरी येईपर्यंत वाकडा करून चालत होता. मी म्हटलं, "सरळ चाल, साहेब गेले, हातही गेला."

मनातून मात्र बरं वाटलं. त्याच्या बापाच्या खांद्यावर कधी कोणी हात ठेवला नव्हता. ठेवला असता तर हाताला मासळीचा वास आला असता.


२६ एप्रिल

आक्रीत घडलंय. आमच्या दारात वाळू आली आहे. पूर्वी भरतीला पाणी पायरीवर यायचं, उंबऱ्याला फडकी कोंबायची. आता पायरी वाळूत बुडली आणि पाणी लांब पळालं. सोंडेच्या कडेला तर वाळूचा ढीग लागलाय. वरच्या वाडीच्या होड्या ऐसपैस उभ्या आहेत. मी अख्खं जाळं पसरून सांधायला बसते, पूर्वी घडी घालून बसायची. रात्री लाटांचा आवाज लांबून येतो, कोणीतरी भिंतीपलीकडे भांडतंय तसा.

वन्सं आल्या. वाळूत पाय रुतले तशा उभ्याच राहिल्या. ओंजळभर उचलली, बोटांतून सोडली.

"ही माझ्या खळ्याची वाळू आहे," म्हणाल्या.

"अहो, वाळूला काय नाव घातलंय का?"

"मी जन्मभर झाडलीय ती. ओळखते मी."

मी म्हटलं, "मग माहेरपणाला आली असेल. तुमच्याच घरची ती, तुमच्यावरच गेलीय. चार दिवस राहील, मागायचं ते मागून घेईल, आणि जाईल परत."

वन्सं म्हणाल्या, "चार दिवस ठेव आणि पाठव. तुला ठेवून घ्यायची खोड आहे. माझ्या भावालाही तसंच ठेवून घेतलंस."

दोघी हसलो. जाताना त्यांनी ओंजळभर वाळू ओच्यात बांधून नेली. मी मागून ओरडले, "चोर, चोर!"


१८ मे

खालच्या वाडीत गेले होते. सोंडेवरून चढून उतरावं लागतं, गुडघे कुरकुरतात. वरून बघितलं तर दोन बाजूंना दोन समुद्र. आमच्याकडे वाळू फुगलेली, त्यांच्याकडे किनारा आत खाल्लेला, चावलेल्या भाकरीसारखा.

वन्संच्या खळ्याची कड तुटली आहे. वाळू गेली तिथे खालून काळी माती निघाली, आंबल्यासारखा वास येणारी. त्यावर मासळी पसरली तर खालून ओली राहते. वन्सं प्रत्येक मासा उलटत बसल्या होत्या, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

"वन्सं, एवढ्या प्रेमाने तर तुम्ही नवऱ्यालाही कुशीवर वळवलं नसेल."

"तो स्वतः वळायचा," म्हणाल्या. पण नेहमीसारखी धार नव्हती.

निघताना विचारलं, "वहिनी, ती चाळणी काय म्हणते?"

मी म्हटलं, "ती म्हणते नळावरची रांग." आणि पुढचं सांगितलं नाही. मलाच नीट आठवत नव्हतं.


७ जून

आज शाळेत सभा झाली, दोन्ही वाड्यांची. लिहितेच सविस्तर, कारण आज मी सगळ्यांना जिंकलं.

साहेब खुर्चीवर, आम्ही पोरांच्या बाकांवर. माझे गुडघे बाकात अडकले, दोघांनी ओढून बसवलं. चाळणीने फळ्यावर किनारा काढला, बाण काढले. म्हणाली, सोंडेमुळे वाळू वर अडकली आहे. दरवर्षी वादळाच्या दिवसांआधी वरची थोडी वाळू गाड्यांनी उचलून सोंडेपलीकडे खाली टाकायची, म्हणजे लाटा पुढचं काम करतील. खर्च सरकारचा. फक्त वरच्या वाडीने हो म्हणायला हवं.

खालच्या वाडीचे लोक एकदम हो म्हणाले. आमच्या वाडीचे कोणी बोलेना. होड्यावाले एकमेकांकडे बघायला लागले. पोरगा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. गाड्या आल्या म्हणजे कंपनीचं काम चुकलं असं लोक म्हणणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "काकूंना बोलू द्या. काकू, तुम्ही सांगा."

मला बोल म्हटलं की माझं डोकं चालत नाही, जीभ चालते. मी उठले (पुन्हा दोघांनी ओढलं) आणि म्हणाले, "साहेब, ती वाळू माहेरपणाला आली आहे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी गाडीत कोंबून हाकलतं का? सासरच्यांनी मानाने न्यायला यावं. साडीचोळी आणावी. मग बघू."

शाळा हादरली हसण्याने. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "आजी, तुम्ही तर सभाच जिंकलीत. एकंदर वरच्या वाडीची तयारी दिसत नाही. पुढच्या वर्षी बघू." आणि उठले.

खालची माणसं सुद्धा हसत होती. वन्संही हसल्या. म्हणजे मला वाटतं हसल्या. तोंडावर हात होता.

पोरगा घरी येताना म्हणाला, "आई, वाचवलंस."

कोणाला, ते विचारायचं राहून गेलं.


८ जून

वन्सं आज आल्या नाहीत. रागावल्या असतील. रागावणं हा त्यांचा मूळ धंदा, मासळी जोडधंदा.


१९ जुलै

व्यापाऱ्याने वन्संची उन्हाळ्यात वाळवलेली मासळी परत केली. खालून ओली, वास मारते म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ती सगळी समुद्रात फेकली. मी विचारलं, समुद्राला परत कशाला दिलीत? म्हणाल्या, "त्यालाच भूक लागलीय, दिसत नाही का?"

मी त्यांना म्हटलं, पाऊस सरला की माझ्या दारात वाळवा. जागा भरपूर आहे.

म्हणाल्या, "माझ्याच वाळूवर, तुझ्या मेहरबानीने?"

मी म्हटलं, "मेहरबानी कसली, भाडं घेईन." पूर्वी यावर निदान एक शिवी तरी मिळाली असती.


१२ ऑगस्ट

समुद्र पिसाळलाय. वन्संचं खळं गेलं. पायरीखाली सरळ कडा, त्याखाली पाणी. घराच्या कोपऱ्यातून पाया दिसतो, म्हाताऱ्याच्या हिरडीसारखा.

खालच्या वाडीने पोती भरून भिंत घालायची ठरवली. पोती शिवायला दाभण चालवणारं माणूस हवं, म्हणून मला बोलावलं. मी गेलेच. दिवसभर शिवली. हाताला फोड आले, पण टाका असा घातला की बैलाने ओढला तरी सुटू नये.

ओहोटी लागली की बायामाणसं खाली उतरायची आणि पाण्याच्या कडेला उरलेली वाळू खोऱ्याने ओढून पोत्यात भरायची. तीच जवळ होती ना. चाळणी धावत आली, चिखलाने माखलेली. ओरडली, "इथून नका काढू! हीच तर लाटेला अडवतेय. स्वतःच्या पायाखालची काढून तुम्ही डोक्यापुढे रचताय!"

मी म्हटलं, "मग काय आकाशातून आणायची?"

तिने सोंडेपलीकडे बोट दाखवलं. "तिथून आणा. ढीग पडलाय तिथे."

खालचे दोघं तरणे घमेली घेऊन सोंडेवर चढले. तिकडे आमचे होडीवाले उभेच होते. आमची वाळू, म्हणाले. होड्या कुठे ठेवायच्या आम्ही? एकाने घमेलं लाथेने उडवलं. ते दगडांवरून खडखडत खाली आलं, आमच्यासमोर येऊन गोल गोल फिरलं आणि थांबलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वरच्या वाडीची, आणि माझा पोरगा मुकादम. मी एक शब्द बोलले असते तर होडीवाल्यांनी ऐकलं असतं, ते माझीच जाळी वापरतात. पण माझ्या दातांत दोरा होता. दातांत दोरा धरून बोलता येत नाही.

वन्संनी घमेलं उचललं आणि खाली पाण्याच्या कडेला गेल्या. मी पुढचं पोतं ओढलं.


३ सप्टेंबर

सकाळी भरतीला वन्संचं घर पडलं.

मी पोचले तेव्हा पोती होती. माझा एकही टाका सुटला नव्हता. पोती तशीच्या तशी, गुबगुबीत, खाली बसत चालली होती, कारण त्यांच्याखाली काही उरलंच नव्हतं. एक रांग बसली, मग तिच्यामागची. मग पुढची खोली वाकली. आवाज मोठा नाही झाला. ओली भिंत पडते तेव्हा मोठा आवाज होत नाही, पोटात कळ आल्यावर बाई बसते तशी ती बसते.

वन्सं मागच्या खोलीत होत्या. बाहेर येईनात. चार बाप्यांनी ओढून काढलं. त्यांच्या हातात खळं झाडायचा खराटा होता. मी म्हटलं, टाका तो. त्यांनी टाकला नाही.

कोणीतरी दाराची फळी बिजागरीतून काढून वाचवली. घर नाही आणि दार आहे. माझ्या जिभेवर विनोद आला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला.

सोंडेवरून मी त्यांना हात धरून आणलं. वरच्या बाजूला उतरलो तर मऊ, पांढरी, कोरडी वाळू. वन्संनी चप्पल काढली आणि हातात धरली.


४ सप्टेंबर

वन्संना आतली खोली दिली. त्या इथेच जन्मल्या होत्या, त्याच खोलीत. सकाळी चहा दिला, साखर घालून. मी वाट बघितली काहीतरी म्हणतील.

म्हणाल्या, "तुम्ही उगीच त्रास घेतलात वहिनी."

तुम्ही. चाळीस वर्षांत मला या बाईने अगंतुगंशिवाय हाक मारली नाही. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.


२० सप्टेंबर

वन्सं पुढच्या दारातून जात नाहीत. समुद्रावर जायचं तर मागच्या दाराने, गल्लीतून, सगळा वळसा घालून. पुढे वाळू आहे म्हणून. दिवसभर जाळं धरून बसतात, मी सांगते तेवढं करतात. मोलकरीणही इतकं ऐकत नाही.

आज मी मुद्दाम वाईट गाठ मारली. पूर्वी त्यांनी ती सोडून माझ्या तोंडावर फेकली असती. त्यांनी बघितली आणि तिच्यापुढची गाठ मारली.

माहेरपणाला आलेली लेक चार दिवसांनी जाते. ही कुठे जाणार?


११ ऑक्टोबर

पोराला बढती. कंपनीला दुसरी सोंड मिळाली, नदीच्या तोंडाजवळ, आपल्याही वर. तिथली माणसं म्हणतात, खालच्यांना मिळाली तर आम्हाला का नको आडोसा. शिवाय नदीतूनच वाळू उपसून सिमेंटात घालणार, म्हणजे आणायचा खर्च नाही. पोरगा खुश. मीही खुश झाले. दुपारी सगळ्यांना सांगत सुटले.

चाळणी चहाला आली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुमच्या वर?"

"हो गं. जवळच काम. पोरगा घरी जेवायला येईल."

तिने कपबशी खाली ठेवली आणि माझ्या दारातल्या वाळूवर बोटाने एक रेघ ओढली. तिच्या वरच्या बाजूला आणखी एक. मग मधल्या जागेतली वाळू हाताने हळूहळू झाडून टाकली.

रांगेत कोणीतरी हंडा आडवा लावणार होतं. या वेळी माझ्या आधी.

मी म्हटलं, "झिंज्या उपटेन." पण कोणाच्या उपटायच्या? माझ्याच पोटचा तिथे उभा राहून दगड मोजून घेणार.

वन्सं आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या, कपबश्या उचलल्या, आत गेल्या.


१२ ऑक्टोबर

पोराला विचारलं, तुला माहीत होतं का रे? पहिल्या सोंडेचं?

म्हणाला, "आई, मी दगड लावतो. वाळू माझ्याकडे नाही."

त्याच्या बापाला विचारलं की जाळं का फाटलं, तो म्हणायचा, मी होडी चालवतो. घराण्याचाच गुण. आणि मला विचारलं तर मी म्हणेन, मी फक्त विनोद केला.


५ नोव्हेंबर

पुन्हा सभा. तीच शाळा, तेच साहेब. वरच्या सोंडेबद्दल गावाचं मत घ्यायचं होतं. चाळणीने मला आधीच सांगितलं, आजी, आज तरी बोला. वर सोंड नको म्हणा, आणि इथली वाळू खाली टाकायला तुमच्या वाडीचा होकार मिळवा. तुमचं ऐकतात.

मी घरून ठरवून गेले. आरशापुढे तोंड गंभीर करून बघितलं. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडे बघायचं नाही असंही ठरवलं. वन्संना म्हटलं चला. नाही म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय? मी उठले. बाकात गुडघे अडकले, दोघांनी ओढलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं आणि लोक हसायला लागले.

मी म्हटलं, "हसू नका. आमच्या दारातली वाळू घेऊन जा. सगळी घेऊन जा आणि खाली टाका. वर सोंड बांधू नका. माझ्या नणंदेचं घर गेलंय."

"साडीचोळी आणली का सासरच्यांनी?" मागून कोणीतरी ओरडलं.

शाळा पुन्हा हादरली. मी म्हटलं, खरं सांगतेय मी. ते जास्तच हसले. मी टेबलावर हात आपटला, तर साहेबांचा पाण्याचा पेला पडला. मग तर लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. मी रडायला लागले. समोरची बाई माझं रडं बघून नवऱ्याला म्हणाली, "बघ, बघ, कसं हुबेहूब सोंग करते."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "आजी, मागच्या वेळचं तुमचं ते माहेरपणाचं मी वर मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनाही फार आवडलं. लोकांचा विरोध नाही हे त्यांना त्यावरूनच पटलं."

चाळणी फळा पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

घरी आले. वन्सं उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, खराटा मांडीवर.

"काय झालं सभेत?"

"हसले."

"मग," वन्सं म्हणाल्या, "चांगलं बोलल्या असाल."


६ नोव्हेंबर

सकाळी घमेलं घेतलं. दारातली वाळू भरली, डोक्यावर घेतली आणि सोंडेवर चढले. गुडघे रडत होते. पलीकडे पाण्यात ओतली. समुद्राने लगेच तोंड पुसलं. परत आले, पुन्हा भरलं.

होडीवाले बघत होते. एकाने विचारलं, काकू, हा कुठला नवा खेळ? मी म्हटलं, लेकीला सासरी पोचवतेय. ते हसले. हसू देत. हसत होते म्हणून त्यांनी घमेलं लाथाडलं नाही, एवढं मात्र ध्यानात आलं.

तिसऱ्या खेपेला खाली उतरते तर पुढच्या दारात वन्सं उभ्या. पायात चप्पल नाही. वाळूवर.

मी घमेलं भरायला वाकले. वारा होता, ओतता ओतता अर्धी अंगावर आलेली होती, केसांत, कानांत. वन्संनी बराच वेळ बघितलं. मग खराट्याच्या दांड्याने पाण्याच्या कडेकडे दाखवलं.

"कोरडी काय उचलतेस मूर्खासारखी? वाऱ्याने तुझ्याच दारात परत येते ती. तिथली ओली घे."

ओली वाळू फार जड असते. मी ओली घेतली.